वण धरणारं हृदय, वण रोखणारं संप्रेरक

लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ४७२ रुग्णांच्या हृदयाचा एमआरआय काढला. सगळ्यांचा आजार एकच होता, डायलेटेड कार्डिओमायोपॅथी. यात हृदयाचा मुख्य पंप असलेला डावा निलय पसरट होतो आणि त्याचा जोर कमी पडतो. तपासणीत १४२ जणांच्या हृदयाच्या भिंतीत मधोमध वणाचा पट्टा दिसला, उरलेल्या ३३० जणांच्या भिंतीत तो नव्हता. पुढे पाच वर्षांहून थोडा अधिक काळ या सगळ्यांवर लक्ष ठेवण्यात आलं. वण असलेल्या १४२ पैकी ३८ जण दगावले, म्हणजे २६.८ टक्के. वण नसलेल्या ३३० पैकी ३५ जण दगावले, म्हणजे १०.६ टक्के. हृदयाची लय अचानक जीवघेणी बिघडण्याचं प्रमाण पहिल्या गटात २९.६ टक्के होतं, दुसऱ्यात ७ टक्के.

हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की पंपिंगचा आकडा हिशेबात धरल्यावरही वणाचा परिणाम वेगळा उरतो. पंपिंग सारखंच असलेल्या दोघांपैकी ज्याच्या भिंतीत वण आहे, त्याला धोका जास्त. आपल्याकडे हृदयाचा रुग्ण घरी आला की नातेवाईक पहिल्यांदा विचारतात, "पंपिंग किती टक्के आहे?" टू-डी इकोच्या कागदावरचा तो आकडा घरातल्या सगळ्यांना पाठ असतो. वणाबद्दल मात्र कोणी विचारत नाही. आणि हा वण रोखणारं एक संप्रेरक हृदय स्वतःच तयार करतं, ही माहिती तर फारच थोड्यांपर्यंत पोचली आहे. या संप्रेरकावर चाळीसहून अधिक वर्षं संशोधन चालू आहे. त्यातले आकडे नीट वाचले तर काय हाती लागलं आणि काय नाही, दोन्ही स्पष्ट दिसतं.

वण का पडतो

माणसाच्या डाव्या निलयात साधारण २०० ते ४०० कोटी स्नायूपेशी असतात. मोठा हृदयविकाराचा झटका आला तर काही तासांत त्यातल्या १०० कोटींच्या आसपास पेशी मरू शकतात. त्वचा किंवा यकृत असतं तर नव्या पेशी आल्या असत्या. हृदयाकडे ती सोय जवळजवळ नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ साली यासाठी फार हुशारीची पद्धत वापरली. शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ माणसांच्या पेशींतही उतरला होता. त्यावरून त्यांनी हृदयाच्या पेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का स्नायूपेशी नव्या येतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. इतक्या संथ गतीने कोट्यवधी पेशींची भरपाई होणं शक्य नाही.

मग ती जागा भरून काढतात फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी. त्या कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन ओततात आणि वण तयार होतो. झटक्यानंतर हा वण लागतोच. तो धरला नाही तर मेलेली भिंत फुटून रुग्ण काही दिवसांत दगावू शकतो. वणाला सरसकट शत्रू म्हणता येत नाही ते यामुळे.

खरी अडचण दुसऱ्या प्रकारच्या वणाची आहे. वर्षानुवर्षं चढा रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, अरुंद झालेली झडप, यांमुळे जिथे एकही पेशी मेलेली नाही तिथेही स्नायूंच्या मधल्या फटींत कोलॅजेन साचत जातं. हा वण विखुरलेला असतो, साध्या इकोवर तो थेट दिसत नाही. एमआरआयवर पेशींबाहेरच्या जागेचं प्रमाण मोजता येतं. निरोगी हृदयात ते २५ टक्क्यांच्या आसपास असतं आणि कोलॅजेन वाढलं की तेही वाढतं. भिंत कांजी घातलेल्या सुती कापडासारखी ताठ होते, दोन ठोक्यांच्या मध्ये ती पुरेशी सैल पडत नाही आणि फुफ्फुसांकडचं रक्त मागे तुंबतं. अशा रुग्णाचं पंपिंग ६० टक्के म्हणजे अगदी उत्तम असू शकतं, तरी जिना चढताना त्याला धाप लागते. शिवाय वण विजेचा प्रवाह नीट वाहू देत नाही. प्रवाह वणाला वळसा घालून पुन्हा त्याच वाटेने फिरत राहिला, की लय बिघडते. २९.६ विरुद्ध ७ हा फरक बराचसा त्यातूनच येतो.

१९८१ मधला उंदीर

हृदय हा फक्त पंप आहे, अशी वैद्यकाची समजूत फार काळ टिकली. १९५६ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हृदयाच्या वरच्या कप्प्यांत, म्हणजे अलिंदांत, गडद ठिपके दिसले होते. १९६४ मध्ये जेमीसन आणि पलाडे यांनी त्यांचं सविस्तर वर्णन केलं. संप्रेरकं साठवणाऱ्या ग्रंथींत असतात तसेच ते कण होते. पण ते हृदयात कशाला आहेत, हे कळत नव्हतं.

मूळचे अर्जेंटिनाचे अडोल्फो डी बोल्ड यांनी कॅनडातल्या किंग्स्टन शहरात याचं उत्तर शोधलं. उंदराच्या अलिंदांचा अर्क काढून त्यांनी तो दुसऱ्या उंदरांच्या शिरेत टोचला. काही मिनिटांत त्या उंदरांच्या लघवीतलं सोडियम सुमारे ३० पट झालं आणि लघवीचं प्रमाण १० पट. निलयाच्या अर्काने असं काही झालं नाही. १९८१ साली हा निबंध छापून आला. त्या एका प्रयोगाने हृदयाला संप्रेरक तयार करणाऱ्या इंद्रियांच्या यादीत बसवलं.

पुढची पावलं भराभर पडली. १९८४ मध्ये जपानमधल्या मियाझाकी इथल्या कांगावा आणि मात्सुओ यांनी माणसातल्या या संप्रेरकाची रचना उलगडली. २८ अमिनो आम्लांची ही साखळी म्हणजे एएनपी. १९८८ मध्ये त्याच गटाला डुकराच्या मेंदूत त्याचं भावंड सापडलं, ते बीएनपी. मेंदूत सापडलं तरी माणसात ते मुख्यतः निलयातूनच स्रवतं, आणि माणसातली त्याची साखळी ३२ अमिनो आम्लांची असते. रक्त साचून कप्प्यांच्या भिंती ताणल्या गेल्या की ही दोन्ही संप्रेरकं बाहेर पडतात. ती मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावतात, रक्तवाहिन्या सैल करतात आणि हृदयावरचा भार उतरवतात.

इथवर ही रक्तदाबाची आणि लघवीची गोष्ट होती. तिला वणाकडे वळवलं ते उंदरांवरच्याच एका वेगळ्या प्रयोगाने. २००० साली क्योटोच्या संशोधकांनी बीएनपीचं जनुकच काढून टाकलेल्या उंदरांविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्या उंदरांचा रक्तदाब वाढलेला नव्हता. त्यांच्या हृदयाची भिंतही जाड झालेली नव्हती. पण निलयांत ठिकठिकाणी वणाचे पुंजके होते. महाधमनी आवळून हृदयावर दाब वाढवला, तर ते पुंजके संख्येने आणि आकाराने वाढले.

या सगळ्या संशोधनात मला हा प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो. रक्तदाब वाढून वण पडला असता तर त्यात नवल नव्हतं. त्याआधी १९९७ मध्ये या संप्रेरकांना पेशीवर पकडणारा ग्राहकच (रिसेप्टर) काढून टाकलेल्या उंदरांत वण दिसला होता, पण त्यांचा रक्तदाबही चढलेला होता, त्यामुळे दोष नेमका कशाचा ते सांगणं कठीण होतं. क्योटोच्या उंदरांनी तो गुंता सोडवला. बीएनपी हृदयातच स्रवतं आणि हृदयातच, शेजारच्या फायब्रोब्लास्टवर काम करून कोलॅजेनला आवर घालतं.

हे घडतं कसं, तेही हळूहळू उलगडलं. संप्रेरक फायब्रोब्लास्टच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला चिकटतं, पेशीच्या आत सायक्लिक जीएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि त्याने एक एन्झाइम जागं होतं. दुसऱ्या बाजूने टीजीएफ-बीटा हा वण पाडणारा संदेश आलेला असतो. तो स्मॅड-३ नावाच्या प्रथिनामार्फत पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि कोलॅजेनची जनुकं चालू करतो. जागं झालेलं एन्झाइम या स्मॅड-३ लाच बदलून टाकतं आणि त्याला केंद्रकात जाऊ देत नाही. एएनपीच्या बाबतीत ही यंत्रणा २००८ मध्ये दाखवली गेली.

रिपोर्टवरचा आकडा काय सांगतो

रुग्णाच्या हातात हे संप्रेरक रक्ततपासणीचा आकडा होऊन येतं. हृदयाच्या पेशीत आधी १०८ अमिनो आम्लांची प्रोबीएनपी ही साखळी बनते. ती तुटून दोन तुकडे होतात. ३२ चं बीएनपी काम करतं, ७६ चं एनटी-प्रोबीएनपी काहीच काम करत नाही, पण रक्तात जास्त वेळ टिकतं, म्हणून मोजायला सोयीचं पडतं.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, धाप लागली म्हणून तातडीच्या विभागात आलेल्या १,५८६ रुग्णांचं बीएनपी मोजलं गेलं. १०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर ही रेषा धरली तर हार्ट फेल्युअर ओळखण्यात ८३.४ टक्के वेळा निदान बरोबर आलं. ५० च्या खाली आकडा असेल तर हार्ट फेल्युअर नसण्याची शक्यता ९६ टक्के. एनटी-प्रोबीएनपीसाठी तातडीच्या प्रसंगी ३०० च्या खालचा आकडा दिलासा देतो. निदान पक्कं करण्याच्या रेषा मात्र वयाप्रमाणे बदलतात: पन्नाशीच्या आत ४५०, पन्नास ते पंचाहत्तर ९००, त्यापुढे १,८००. मूत्रपिंड दुबळं असेल किंवा एट्रियल फिब्रिलेशन असेल तर आकडा वाढतो. स्थूल माणसात तो अपेक्षेपेक्षा कमी येतो. एकाच आकड्यावरून शेजाऱ्याशी तुलना करून घाबरणं किंवा निश्चिंत होणं, दोन्ही चूक.

आता एक साधा प्रश्न पडतो. हार्ट फेल्युअरच्या रुग्णात बीएनपी वाढलेलं असतं. बीएनपी वण रोखतं. मग याच रुग्णांच्या हृदयात वण का वाढतो?

उत्तराचा एक मोठा भाग २००५ मधल्या एका छोट्या अभ्यासात मिळतो. तीव्र हार्ट फेल्युअरच्या चार रुग्णांच्या रक्ताची मास स्पेक्ट्रोमेट्रीने तपासणी झाली. नेहमीच्या चाचणीत त्यांचं बीएनपी भरपूर दिसत होतं. पण रेणूंचं वजन काटेकोर मोजल्यावर ३२ अमिनो आम्लांचं कामाचं बीएनपी जवळपास सापडलंच नाही. चाचणी ज्याला बीएनपी म्हणून मोजत होती, ते त्याचे इतर प्रकार होते. रुग्ण फक्त चार, म्हणून एवढ्यावर सगळं उभं करता येणार नाही. पण नंतरच्या कामातूनही दिसलं, की आजार वाढतो तसं न तुटलेल्या प्रोबीएनपीचं प्रमाण रक्तात वाढतं आणि त्याची ताकद खऱ्या संप्रेरकाच्या मानाने फारच कमी असते. म्हणजे रिपोर्टवरचा मोठा आकडा सांगतो, की हृदय ताणाखाली आहे आणि मदत मागतंय. मदत पोचली, असं तो सांगत नाही.

संप्रेरक बाहेरून द्यावं का

मग ते बाहेरून टोचण्याची कल्पना साहजिकच होती. कृत्रिमरीत्या बनवलेल्या बीएनपीला, म्हणजे नेसिरिटाइडला, अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली आणि ते बरंच वापरलंही गेलं. दहा वर्षांनी ७,००० हून अधिक रुग्णांवरच्या चाचणीने त्याचा निकाल लावला. तीस दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्याचं प्रमाण औषधाच्या गटात ९.४ टक्के होतं, औषध नसलेल्या गटात १०.१ टक्के. हा फरक योगायोगापलीकडचा नव्हता. रक्तदाब फार उतरण्याचं प्रमाण मात्र २६.६ टक्के होतं, विरुद्ध १५.३ टक्के. काही दिवसांच्या सलाइनने वर्षांनुवर्षं साचलेल्या कोलॅजेनला हात लागेल, अशी अपेक्षाच मुळात चुकीची होती, असं माझं मत आहे. आणि दहा वर्षं हे औषध पुरेशा पुराव्याविना वापरात राहिलं, ही वैद्यकाने विसरू नये अशी गोष्ट आहे.

दुसरी वाट जास्त शहाणपणाची निघाली. शरीरात नेप्रिलायसिन नावाचं एन्झाइम ही संप्रेरकं तोडतं. त्यालाच अडवलं, तर शरीराचं स्वतःचं संप्रेरक जास्त वेळ टिकेल. पहिला प्रयत्न ओमापॅट्रिलॅटचा. २५,३०२ रक्तदाबाच्या रुग्णांवरच्या चाचणीत ओठ, जीभ, घसा सुजण्याचं प्रमाण २.१७ टक्के आलं, एनालाप्रिल या जुन्या औषधाच्या गटात ०.६८ टक्के. घसा सुजून श्वास अडकू शकतो, त्यामुळे ते औषध बाजारात आलंच नाही.

त्यातून शिकून नेप्रिलायसिन अडवणारं सॅक्युबिट्रिल हे वल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधाबरोबर एकत्र आणलं गेलं. २०१४ ची पॅराडाइम-एचएफ ही चाचणी ८,३९९ रुग्णांची होती, सगळ्यांचं पंपिंग कमी झालेलं. तुलना एनालाप्रिलशी, म्हणजे आधीच सिद्ध झालेल्या औषधाशी. सरासरी २७ महिन्यांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती: नव्या औषधावर २१.८ टक्के, जुन्यावर २६.५ टक्के. कोणत्याही कारणाने मृत्यू: १७ टक्के, विरुद्ध १९.८ टक्के. जाहिरातीत "२० टक्के घट" असं लिहिता येतं आणि ते खोटं नाही. पण घरच्यांना समजेल असा हिशेब वेगळा आहे. साधारण २१ जणांनी एनालाप्रिलऐवजी हे औषध त्या काळात घेतलं, तर त्यांतला एक जण मृत्यूपासून किंवा भरतीपासून वाचतो. हृदयाच्या औषधांत हा चांगलाच फायदा आहे.

पंपिंग चांगलं असलेल्या, पण ताठ हृदयाच्या रुग्णांत चित्र पुसट झालं. २०१९ मधल्या ४,८२२ जणांच्या चाचणीत मृत्यू आणि भरतीच्या घटनांचं प्रमाण १३ टक्क्यांनी कमी दिसलं, पण संख्याशास्त्राची रेषा थोडक्यात चुकली. झटक्यानंतर लगेच हे औषध देऊन पाहणाऱ्या, ५,६०० हून अधिक रुग्णांच्या चाचणीत २०२१ मध्ये ११.९ विरुद्ध १३.२ टक्के असा निकाल आला. तिथेही ठोस फरक सिद्ध झाला नाही.

आणि वणाचं काय? औषध सुरू केलेल्या ७९४ रुग्णांचं पंपिंग वर्षभरात सरासरी २८.२ वरून ३७.८ टक्क्यांवर गेलं. आकडा आनंदाचा आहे, पण त्या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता आणि पंपिंग सुधारलं म्हणजे वण विरघळला असं होत नाही. कोलॅजेन बनण्याच्या खुणा रक्तात कमी होतात, एवढं मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. स्पायरोनोलॅक्टोन या जुन्या, स्वस्त गोळीबद्दलही असाच पुरावा आहे. १९९९ च्या चाचणीत १,६६३ गंभीर रुग्णांपैकी गोळी न मिळालेल्यांत ४६ टक्के दगावले, मिळालेल्यांत ३५ टक्के. त्यांतल्या २६१ जणांच्या रक्तात कोलॅजेनच्या खुणा मोजल्या, तेव्हा फायदा मुख्यतः ज्यांच्यात त्या जास्त होत्या त्यांनाच झालेला दिसला.

थेट वणावर नेम धरलेलं पिरफेनिडोन हे फुफ्फुसांचं औषध ब्रिटनमध्ये ९४ ताठ हृदयाच्या रुग्णांवर तपासलं गेलं. ५२ आठवड्यांनी पेशींबाहेरच्या जागेचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा १.२१ टक्क्यांनी खाली आलं. घट छोटी आहे. तरीही माणसाच्या हृदयातला साचलेला वण औषधाने मागे हटू शकतो, याचा तो मोजलेला पुरावा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तर शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना फायब्रोब्लास्ट ओळखून मारायला शिकवलं गेलं. त्यातून वण कमी झाला, पण अजून ते उंदरांपुरतंच आहे.

आपल्याकडचे आकडे

भारतात आज जे हार्ट फेल्युअरने दगावतात, त्यांतले बरेच जण उंदरांवरच्या त्या उपचारांची वाट पाहत दगावत नाहीत. हाताशी असलेली औषधं त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. केरळमध्ये २०१३ साली तिरुवनंतपुरम नोंदवहीत १,२०५ रुग्णांची नोंद झाली. त्यांचं सरासरी वय ६१. तीन वर्षांत ४४.८ टक्के दगावले, पाच वर्षांत ५९ टक्के. पंपिंग कमी असलेल्यांपैकी घरी जाताना मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पूर्ण औषधं मिळालेले जेमतेम चौथा हिस्सा होते. पुढे देशभरातल्या ५३ रुग्णालयांतून १०,८५१ रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही झाली. त्यात सरासरी वय ६० च्या आतच, ९० दिवसांत मृत्यू १४.२ टक्के आणि पंपिंग कमी असूनही योग्य औषधं लिहून दिलेल्यांचं प्रमाण ४७.५ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक जण त्याविना घरी गेले. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनचं मूळ पेटंट भारतात जानेवारी २०२३ मध्ये संपलं आणि अनेक भारतीय कंपन्यांनी ते बनवायला घेतलं, त्यामुळे किंमत हे कारण पूर्वीइतकं वजनदार राहिलेलं नाही.

घरात कोणाचं पंपिंग ४० टक्क्यांच्या खाली असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा: मार्गदर्शक सूचनांत शिफारस केलेली चार प्रकारची औषधं सगळी चालू आहेत का, नसतील तर कोणतं आणि का नाही, आणि एमआरआयची गरज आहे का. सॅक्युबिट्रिल चालू असेल तर रक्तात बीएनपी नव्हे, एनटी-प्रोबीएनपी मोजावं, कारण हे औषध बीएनपी तुटू देत नाही आणि आकडा औषधामुळेच चढतो. एनालाप्रिल किंवा रामिप्रिलबरोबर ते कधीही घेऊ नये; मध्ये ३६ तासांचं अंतर लागतं.

आणि पंपिंग सुधारलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका. पंपिंग पूर्ववत झालेल्या ५१ रुग्णांवर याचीच चाचणी झाली आणि तिचे निकाल २०१९ मध्ये छापून आले. देखरेखीखाली औषधं थांबवलेल्या २५ पैकी ११ जणांचा आजार सहा महिन्यांत परत आला. औषधं चालू ठेवलेल्या २६ पैकी एकाचाही आला नाही.